रेमिजिओची देवळी

आईनं पाठवलं म्हणून गेलो, नाहीतर चित्रांच्या दालनात माझ्यासारख्या ट्रकवाल्याचं काय काम?

माझा धाकटा भाऊ रेमिजिओ अताकामाच्या वाळवंटातल्या वळणावर ट्रक उलटून गेला. अपघातात गेलेल्याचा जीव तिथंच राहतो म्हणून त्या जागी आम्ही देवळासारखी छोटी पत्र्याची देवळी उभारली होती. जाता-येता ड्रायव्हर हॉर्न द्यायचे, त्याच्यासाठी पाण्याची बाटली ठेवायचे. राजधानीतल्या कुणा कलाकारानं बेवारस समजून ती उचलली आणि इतर चार-पाच देवळ्यांबरोबर गावातल्या दालनात मांडली.

"आधी हाक मार," आईनं बजावलं. "'रेमिजिओ, चल घरी.' तीनदा. मगच उचल. हाकेशिवाय तो यायचा नाही."

भर दुपारी पोचलो. दालन सांभाळणाऱ्या ओफेलियाबाई म्हणाल्या, "ने बाबा, सुटले! रोज बाटल्या भरते. बुचं घट्ट, तरी सकाळी कोरड्या..."

"तुम्हीच पीत असाल," मी हसलो.

आतली खोली पांढरीफटक, खिडकी नाही. मागं दार आपोआप लागलं. आमच्या रस्त्यावर वारा कधी थांबत नाही. इथं नावालाही नव्हता. जुन्या मेणाचा वास येत होता. रेमिजिओच्या देवळीपुढची बाटली कडकड वाजली आणि आतलं पाणी माझ्यादेखत खाली जाऊ लागलं.

मी दाराकडे धावलो. मूठ फिरेना.

"ओफेलियाबाई... दार..."

टक. टक. टक. माझ्या कानाशेजारी, दाराच्या आतल्या बाजूनं. तिथं माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

मागं वळून देवळी उचलली, छातीशी धरली आणि दारावर खांदा हाणला. बाहेर पडलो तोच दार मागं धाडकन मिटलं. बाईंनी कुलूप घातलं. हाक मारायची राहिली, हे मला तेव्हा आठवलं. परत आत जायची माझी छाती झाली नाही. भाऊ होता माझा, तरी नाही झाली.

देवळी वळणावर बसवली. आईनं बाटली ठेवली. पूर्वी चार दिवसांत कोरडी व्हायची. महिना झाला, काठोकाठ भरलेली आहे.

"हाक मारलीस ना रे?" आई रोज विचारते.

"मारली, आई."

काल ओफेलियाबाईंचा फोन आला, मी स्पीकरवर घेतला. "तुमच्या देवळीची जागा रिकामीच आहे, तरी तिथं बाटली ठेवून पाहिली... कोरडी झाली हो." त्यांच्यामागून ऐकू आलं. टक. टक. टक.

शेजारी बटाटे सोलणाऱ्या आईनं मान वर केली.

"हा तर आपला रेमिजिओ वाजवतोय, घरी आला की वाजवायचा तसाच," ती म्हणाली. "दार उघड की रे."