एका मडक्याचा काठ

त्या काळात लग्न ठरवताना पत्रिका कोणी पाहत नसे. लोक घरातली जुनी मडकी घेऊन डॉ. ऊर्जिता कानडे यांच्या प्रयोगशाळेत येत आणि आपले पूर्वज कोणाच्या पंगतीला बसले होते ते विचारत. माणसाला नको ते विचारायची हौस फार.

कानडेबाई पुरातत्त्वज्ञ. भाजलेल्या मातीला बारीक छिद्रं असतात. ताडीसारखं आंबलेलं पेय त्यांत मुरतं आणि पिणाऱ्याच्या लाळेतल्या पेशीही सोबत नेतं. वर यीस्टचा थर वाळून बसतो, त्याखाली त्या टिकून राहतात. काठाला कोणाकोणाचे ओठ लागले याची ही खूण म्हणजे ओष्ठलेख. वंशजांच्या लाळेशी ती जुळवली की पिणारा कोण ते कळतं.

वरच्या पाड्यातल्या लाडक्याने आणलेलं मडकं साधंसुधं नव्हतं. ताडाच्या झाडावरून भांडण होऊन त्याच्या बापाने, रावज्याने, खालच्या पाड्यातल्या एकाला मारलं होतं. पुढे दोन्ही पाड्यांनी या एकाच मडक्याला तोंड लावून ताडी प्यायली आणि वैर मिटलं. मारणारा स्वतः प्यायल्याशिवाय ते मिटत नाही, अशी तिथली रीत. आता लाडक्याची मुलगी लखी त्याच मेलेल्या माणसाच्या नातवाला द्यायची ठरली होती. मडकं मांडवात ठेवायचं, त्यावर ओष्ठलेखाची पाटी लावायची, म्हणून दोन्हीकडचे लोक थाटात आले होते. न तपासता ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं?

निकाल पाहून कानडेबाईंनी लाडक्याला आत बोलावलं.

"तुमच्या वडिलांची खूण नाही."

"परत बघा, बाई."

"परत परत पाहिलं. बाकी सगळ्यांची आहे."

"बाहेर सांगा, आहे म्हणून. पोरीचं लगीन आहे."

तसं सांगावं, असं त्यांना मनापासून वाटलं. पण मडकं दोन्ही पाड्यांनी मिळून दिलेलं होतं. त्यांनी बाहेर येऊन खरं सांगितलं.

"म्हणजे इतकी वर्षं आम्ही वैऱ्याच्या घरात जेवलो," मेलेल्याचा भाऊ, म्हातारा चैत्या, म्हणाला आणि उठला.

"आता पिऊ ना, काका. मी पितो," लाडक्या म्हणाला.

"ज्याने प्यायचं, तो मेला."

लखी कानडेबाईंसमोर येऊन उभी राहिली. "आजा का नाही प्यायला, ते मशीनला कळतं?"

"नाही. लाज वाटली असेल. आजारी असेल. मनात वैर असेल."

"मग एवढंच कशाला सांगितलं?"

बाहेर खालच्या पाड्याची माणसं टेम्पोत चढत होती. नवरा मुलगा सगळ्यांत शेवटी चढला, पण चढला.