चंद्रावरचं हिरवं थालीपीठ

चंद्रावरच्या वसाहतीत शेवाळाच्या टाक्या काठोकाठ भरल्या होत्या. तरी शेजारच्या हारुकोमावशी सोडून एकाचंही ताट हिरवं का दिसत नव्हतं? अकरा वर्षांच्या शाल्मलीला हे कोडं काही सुटेना. टाक्या तिच्या आबांनी, म्हणजे शास्त्रज्ञ केळुसकरांनी उभारलेल्या. पंधरा दिवसांत लोक शेवाळ खाऊ लागले नाहीत, तर टाक्या बंद आणि आबांची पृथ्वीवर रवानगी, असं वसाहतीच्या समितीने बजावलं होतं.

शाल्मलीने कंबर कसली. भोजनगृहात ती लग्नाच्या पंगतीत करतात तसा आग्रह करत सुटली. "माझी शपथ, दोनच चमचे!" म्हणत तिने दिएगोकाकांच्या ताटात हिरवा लगदा थापलाच. दुसऱ्या दिवसापासून काका तिला लांबून पाहिलं तरी टेबल बदलू लागले.

"एवढी प्रथिनं (शरीर बांधणारे अन्नघटक) आहेत यात! मग खात का नाहीत?" ती रडकुंडीला आली.

"तू खाल्लंस?" आबांनी विचारलं.

शाल्मलीने जीभ चावली.

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान!" आबा हसले. "अगं, याला नवान्नभय (अनोळखी पदार्थ तोंडात घालायची भीती) म्हणू या. रानात भटकणाऱ्या आपल्या पूर्वजांना विषारी फळांपासून त्यानेच वाचवलं. जबरदस्ती केली की ते वाढतं, ओळख झाली की कमी होतं. हारुकोमावशी जपानच्या, लहानपणापासून समुद्री शेवाळ खात आल्या. मेक्सिकोत दिएगोकाकांच्या गावी नाकतोडे भाजून, तिखटमीठ लावून खातात."

"ईऽऽ!"

"बघ, तुझं नवान्नभय बोललं."

शाल्मली चिडली, पण हटली नाही. रोज एक घास खायचाच, असं तिने ठरवलं. पहिला घास चिखलासारखा लागला. पाचवा नुसता बेचव. नवव्या दिवशी तिने शेवाळ भाजणीत मळलं, कांदा-मिरची घातली आणि खमंग थालीपीठ लावलं. ओळखीच्या चवीचं बोट धरून नवी चव पोटात गेली.

मग ती रोज सर्वांसमोर बसून थालीपीठ खाऊ लागली. आग्रह करायला जीभ नुसती वळवळत होती, पण तिने कुणालाही विचारलं नाही. तेराव्या दिवशी दिएगोकाकांनीच एक तुकडा मोडला. "हे आमच्या मक्याच्या पोळीत घातलं तर?" पंधराव्या दिवशी समिती आली, तेव्हा हिरव्या पोळ्यांसाठी रांग लागली होती. टाक्या राहिल्या, आबाही राहिले. पुढच्या वर्षी मंगळावर जाणाऱ्यांच्या शिदोरीतही शेवाळ असणार होतं.

त्या संध्याकाळी काकांनी शाल्मलीपुढे एक डबी उघडली. आत भाजलेले नाकतोडे होते.

"शपथ घालणार नाही," ते म्हणाले.

शाल्मलीने आबांकडे पाहिलं, मोठा श्वास घेतला आणि त्यातल्या त्यात लहानसा नाकतोडा उचलला.