उशिरा लागलेला ब्रेक

"माझा नवरा दोषी असेल तर तसं सांगा," संघप्रिया म्हणाली. "नसेल तर तेही सांगा. पण काहीतरी पक्कं सांगा, ताई. आठ दिवस झाले, तो धड जेवत नाई, बोलत नाई. नुसता भिंतीकडे पाहून राह्यला."

दिव्यानी भोयरने तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. पंधरा वर्षं तिने विम्यासाठी अपघाताच्या गाड्या तपासल्या होत्या. आता चंद्रपुरात छोटंसं कार्यालय थाटून ती खासगी तपास करायची. कोपऱ्यातल्या बाकावर डोमाजी बसला होता. एसटीत एकतीस वर्षं स्टेअरिंग धरून निवृत्त झालेला हा गृहस्थ दिव्यानीची गाडी चालवायचा, आणि तपासातही आपण निम्मे भागीदार आहोत अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. ती मोडायची कुणाला गरज वाटली नव्हती.

हकीकत अशी होती. संघप्रियाचा नवरा मिथुन मूल रोडवरच्या एका दुकानात गाड्यांच्या काचा बसवायचा. दिवाळीनंतर सावली गावाहून एक गाडी आली. ट्रकच्या चाकाखालून उडालेल्या दगडाने तिची समोरची काच तडकली होती. या नव्या गाड्यांत काचेच्या मागे, आरशापाशी, एक कॅमेरा असतो. पुढे काही आलं की तो पाहतो आणि चालकाचा पाय पोचला नाही तर गाडी स्वतःच ब्रेक लावते. काच बदलली की हा कॅमेरा पुन्हा नेमका जुळवावा लागतो. मिथुनने काच बदलली, कॅमेरा जुळवला, तसा कागद दिला. बाराव्या दिवशी त्याच गाडीने सावलीच्या अलीकडे तणस, म्हणजे भाताचा पेंढा, भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागून धडक दिली. गाडीचे मालक धनराज चौधरी, मूळचे सावलीचे आणि चंद्रपुरातल्या शाळेतले शिक्षक, जागीच गेले.

"त्यांच्या आईनं तक्रार केली," संघप्रिया म्हणाली. "कॅमेरा न जुळवताच कागद दिला म्हणते. मालकानं याले कामावरून काढलं. पोलीस दोनदा येऊन गेले."

"मिथुन काय म्हणतो?"

"म्हणते, मी सगळं केलं. अन् घडीभरानं म्हणते, मीच कुठीतरी चुकलो असेन."

तिने पदराने डोळे टिपले. डोमाजीला उगीचच चष्मा पुसावासा वाटला.

मिथुन पस्तिशीचा, हडकुळा माणूस होता. हातांवर काचेचे जुने ओरखडे होते. दिव्यानीने विचारलं तसं त्याने एकेक करून सांगितलं.

"सपाट फरशीवर गाडी उभी केली. टायरची हवा पाह्यली. डिझेल पाह्यलं. गाडीत सामान नाई ना, विचारलं. मग समोर बोर्ड लावला, फीत धरून माप घेतलं, मशीन जोडली. मशीननं पास दिलं. खोटा कागद मी जन्मात दिला नाई, ताई."

"गाडी कोणी आणली होती?"

"त्यांच्या लहान्या भावानं. प्रणित नाव हाय. काम होईस्तोवर तिथंच बसला होता."

दुकानाच्या शिरस्त्याप्रमाणे त्याने कामाचा फोटो काढून ठेवला होता. बाजूने घेतलेला, काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या बोर्डासमोर उभी असलेली अख्खी गाडी. दिव्यानीने तो मोठा करून बराच वेळ पाहिला, मग फोन डोमाजीकडे दिला.

"काय दिसतं, डोमाभाऊ?"

डोमाजीने फोन हातभर लांब धरला. "गाडी हाय. बोर्ड हाय. गाडी मोठी ऐटीत उभी हाय, छाती काढून."

"आणि मागचं चाक?"

"हाय की. गोल हाय."

दिव्यानी हसली नाही. तिने तो फोटो स्वतःच्या फोनवर मागवून घेतला आणि उठली.

अपघाताची गाडी सावलीच्या पोलीस ठाण्यामागे उभी होती. पुढचा भाग पाहवत नव्हता. डोमाजी दोन पावलं मागेच थांबला. इतकी वर्षं रस्त्यावर काढूनही त्याला असल्या गाड्यांची सवय झाली नव्हती. दिव्यानी मात्र पुढे गेलीच नाही. ती मागच्या चाकाशी उकिडवी बसली, चाक आणि वरच्या पत्र्याच्या मधल्या जागेत तिने हात घातला. अख्खा पंजा आत गेला.

"मॅडम, धडक पुढून बसली हाय," डोमाजी हळूच म्हणाला.

"म्हणूनच मागचं शाबूत आहे," ती म्हणाली. तिने फोनमधला फोटो पुन्हा एकदा पाहिला आणि खिशात ठेवला.

ट्रॅक्टरवाला इसरू धानाच्या बांधीत, आपल्या शेतात, भेटला. अपघातापासून ट्रॅक्टरला हात लावला नव्हता, असं तो आपणहून म्हणाला.

"भरदुपार होती, बाई. सरळ रस्ता. ट्रॉलीले लाल कापड बांधलं होतं. मी आपला हळूहळू चाललो होतो. मागून टायर घासल्याचा आवाज आला अन् लगेच धडक."

"आवाज आधी आला?"

"आधी. पण दोन श्वासाचंही अंतर नसेल. वळून पाहाले फुरसत नाई भेटली."

रस्त्यावर काळे पट्टे अजून पुसट दिसत होते. आखूड, अगदी सरळ, ट्रॉलीच्या बरोबर मधोमध गेलेले. इथे मात्र डोमाजीचं एकतीस वर्षांचं ज्ञान उपयोगी पडलं.

"हा माणसाचा ब्रेक नाई, मॅडम. माणूस घाबरला की हँडल मारते, पट्टा वाकडा जाते. हा ब्रेक गाडीनंच मारला."

"शाबास. म्हणजे कॅमेरा आंधळा नव्हता."

"मग थांबली काऊन नाई?"

दिव्यानी पट्ट्यांची लांबी पावलांनी मोजत पुढे गेली.

धनराजची बायको ज्योत्स्ना चंद्रपुरातल्या घरी एकटीच होती. तिने चहा केला आणि तो तिघांपुढेही निवत राहिला. बैठकीत देवघराच्या भिंतीला टेकून तांदळाची तीन भरलेली पोती उभी होती.

"ते गाडीवर फार विसंबायचे का?" दिव्यानीने विचारलं.

"फार. सावली जवळ आली की यांचं लक्ष रस्त्यावर कमी आणि बांध्यांवर जास्त. मी रागवायची. तर म्हणायचे, गाडी पाहून राह्यली ना." तिने निवलेला कप उगीच सरकवला. "काच बदलल्यावर एकदा म्हणाले, गाडी आता पुढच्याच्या फार जवळ जाते. सुट्टी मिळाली की दाखवून आणतो म्हणाले. सुट्टी मिळाली तर आधी आईला भेटायला निघाले."

डोमाजीने मान खाली घातली. जाताना पोत्यांना त्याचा पाय लागला म्हणून तो वाकून पाया पडला.

"राहू द्या, काका," ज्योत्स्ना म्हणाली. "काचेच्या कामाच्या दिवशी भाऊजींनी आणून ठेवली, तशीच आहेत. पहिल्या मळणीचा तांदूळ आहे. सासूबाईंचा नेम आहे, वाटेत कुठे भुईला टेकवायचा नाही, थेट देवापुढे उतरवायचा. हे मोकळे झाले की नैवेद्य करायचा होता. आता कोणासाठी पोत्यांची शिवण उसवू?"

प्रणित सावलीला घराच्या अंगणात भेटला. पंचविशीचा, डोळे सुजलेले. तो आधीपासूनच तापलेला होता.

"त्या काचवाल्यानं माह्या दादाले मारलं. त्याले सोडवाले आले का तुम्ही?"

"खरं काय ते पाहायला आले. त्या दिवशी घरून निघून कुठे कुठे थांबलास?"

"कुठीच नाई. थेट दुकान. दुकान मूल रोडलेच हाय, शहराच्या तोंडाशी. काम झाल्यावर दादाच्या घरी गाडी दिली अन् बसनं वापस आलो."

"काम चालू असताना गाडीतून काही काढलं, ठेवलं?"

"नाई," तो म्हणाला आणि गोठ्याकडे पाहू लागला.

 परतताना मूल गाव ओलांडल्यावर दिव्यानी म्हणाली, "डोमाभाऊ, आज मला हे काम नकोसं झालंय."

"गुन्हेगार सापडला नाई म्हणून?"

"गुन्हेगार नाहीच म्हणून."

डोमाजीने बराच वेळ विचार केला. चंद्रपूर आलं तरी त्याला काही उमगलं नाही.

रविवारी सकाळी चौधरींच्या अंगणात सगळे जमले. धनराजची आई वच्छलाबाई ओसरीवर बसल्या होत्या, शेजारी ज्योत्स्ना, खांबाला टेकून प्रणित. मिथुनला दिव्यानीने सोबत आणलं होतं. तो फाटकापाशीच उभा राहिला. वच्छलाबाईंनी त्याला पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"आई, मी जे सांगणार आहे ते ऐकणं जड जाईल," दिव्यानी म्हणाली. "तुम्ही नको म्हणालात तर मी फक्त पोलिसांना सांगेन."

"माह्या लेकाचं हाय ना? मग मले आधी सांग."

दिव्यानी पायरीवर बसली.

"मिथुनने कॅमेरा जुळवलाच नसता तर त्याने वेडंवाकडं पाहिलं असतं, किंवा तो बंद पडला असता. तसं झालं नाही. इसरूने टायरचा आवाज धडकेच्या आधी ऐकला. पट्टे सरळ, ट्रॉलीच्या मधोमध. म्हणजे कॅमेऱ्याला ट्रॉली दिसली, ती नेमकी समोर आहे हेही कळलं. चूक फक्त अंतराची झाली. जवळची ट्रॉली त्याला लांब वाटली, म्हणून ब्रेक उशिरा लागला. पुढच्या गाडीच्या फार जवळ जाते, असं धनराजसरांनाही जाणवलं होतं."

"अंतर काऊन चुकलं?" हे डोमाजीने विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"कॅमेरा जुळवला त्या वेळी गाडी सपाट नव्हती. फोटोत तुम्हीच पाहिलंत, छाती काढून उभी होती. मागच्या चाकावर दोन बोटं जागा. तीच गाडी ठाण्यामागे उभी आहे, तिथे माझा पंजा आत गेला. भरलेली एसटी मागून बसते की नाही?"

"बसते," डोमाजी पुटपुटला.  आता त्याला कळलं, आणि कळलं नसतं तर बरं, असं वाटलं.

"मागे ओझं होतं, म्हणून नाक वर होतं. मशीनने त्याच अवस्थेत कॅमेऱ्याला शिकवलं की ही तुझी सरळ नजर. मग ओझं उतरलं, नाक खाली आलं, नजरही खाली झुकली, पण ते त्याला कोण सांगणार? नजर झुकली की समोरची वस्तू चित्रात वर सरकते. रस्त्यावरची वस्तू वर दिसली की कॅमेरा ती लांबची समजतो. मशीन खोटं बोललं नाही आणि मिथुनही नाही. गाडीत सामान नाही ना, एवढं त्याने विचारलं होतं. त्याला उत्तर खोटं मिळालं."



"काय होतं गाडीत?" वच्छलाबाईंनी विचारलं.

दिव्यानीने प्रणितकडे पाहिलं. ते तिने सांगायचं नव्हतं.

"तांदूळ, आई," प्रणित म्हणाला. तो खांबापाशी खाली बसला. "तीन पोती. त्यानं विचारलं, मी नाई म्हटलं. हो म्हटलं असतं तर उतरवाले लावलं असतं, दुकानाच्या फरशीवर. तू म्हटलं होतं भुईले टेकवू नोको. मले वाटलं, काचेचं काम हाय, तांदळानं काय होते. दादा गेल्यावर एकदा मनात आलं होतं. मी ते मनातून काढून टाकलं. मग याच्यावर ओरडत राह्यलो."

वच्छलाबाई त्याच्यावर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर डोमाजीला सोपं गेलं असतं. त्या कितीतरी वेळ आपल्या तळहातांकडे पाहत राहिल्या.

"तू मले भ्याला," त्या शेवटी म्हणाल्या. "म्हणून खोटं बोलला."

ज्योत्स्नाने तोंडात पदर कोंबला. फाटकापाशी मिथुनला उभं राहवेना.

"मी डिक्की उघडून पाह्याले पाह्यजे होतं, बाई," तो म्हणाला. "नुसतं विचारून भागत नाई. तेवढी चूक माही हाय."

"त्याले गाडीत बसवा," वच्छलाबाई मिथुनकडे बोट दाखवून दिव्यानीला म्हणाल्या. "ठाण्यात चला."

हवालदाराने वच्छलाबाईंचा जबाब लिहून घेतला. तक्रार मागे घेतली, काचेच्या कारागिरावर संशय नाही, खाली अंगठा. प्रणितचाही जबाब झाला.

"झालं, बाई. आता घरी जा."

"आता माह्यं लिवा."

"तुमचं काय लिहू?"

"लेकाले मारलं म्हणून लिवा. मी सांगून राह्यली तर लिवत काऊन नाई?"

हवालदाराने पेन खाली ठेवलं. "बाई, अशासाठी कलम नसते."

"पाहून सांगा. एवढं मोठं पुस्तक हाय तुमच्यापाशी."

त्या बाकावर बसल्या आणि उठेनात. ज्योत्स्नाने समजावलं, प्रणित पायाशी बसून रडला, दिव्यानीने दोनदा हात धरला. डोमाजी बाहेर गाडीपाशी गेला आणि कुणी पाहत नाही असं बघून पोटभर रडला. तो परत आला तेव्हा ठाण्याच्या दारात उभ्या मिथुनला संघप्रियाचा फोन आला. मिथुनने उचलला, "सुटलो," एवढंच म्हणाला आणि ठेवून दिला. त्याला आता कुणी अडवणार नव्हतं. तरी तो आत आला आणि बाकावर वच्छलाबाईंच्या शेजारी बसला.

"दादा," तो हवालदाराला म्हणाला, "पाहा ना एकदा."

हवालदाराने कपाटातून ते जाड पुस्तक काढलं, त्या दोघांसमोर टेबलावर ठेवलं आणि पहिल्या पानापासून हळूहळू उलटत राहिला.