बुंदीने ओढणं सोडलं

“झाड! ताई, झाड हो!” स्वानंद ओरडला.

किमया जागच्या जागी उभी राहिली. हातातली दोरी ताठ झाली होती. दुसऱ्या टोकाला बुंदी, तांबूस ठिपक्यांची कुत्री, मागच्या दोन पायांवर उभी राहून रस्त्यापलीकडच्या निळ्या फाटकाकडे जिवाच्या आकांताने ओढत होती.

नियम साधा होता. कुत्र्याने दोरी ताणली की आपण झाडासारखं निश्चल उभं राहायचं. दोरी सैल झाली की पुढे चालायचं आणि उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यायचा. किमयाच्या सोसायटीतल्या एका काकूंनी आपलं कुत्रं असंच शिकवलं होतं.

गौतमी बांधावर बसून पोट धरून हसत होती. “वासराला दावं लावत्यात, कुत्र्याला कोन लावतं? आन् वर सोताच झाड व्हायचं!”

“हस तू! बाबांनी सांगितलंय, सुट्टी संपायच्या आत ती शांत चालायला लागली तरच जांब्याला, आमच्या घरी आणायची. सोसायटीचा नियमच आहे तसा.”

किमया सातवीत होती, स्वानंद चौथीत. दिवाळीच्या सुट्टीत दोघं कोळवणला आशालतामावशीकडे आली होती. मावशी इथल्या शाळेत शिकवायची आणि गौतमीच्या घरातल्या दोन खोल्यांत भाड्याने राहायची. पाडव्याच्या सकाळी गौतमीच्या पेंढ्याच्या गंजीत बुंदी सापडली. रात्रीच्या फटाक्यांनी अजून थरथरत होती. गळ्यात पट्टा नव्हता, पण पट्ट्याची घासलेली खूण होती.

“कुणाची आहे ते विचारा हं,” मावशी म्हणाली होती.

किमयाने विचारलं. दोन घरी. ‘आमची न्हाई,’ दोन्हीकडे उत्तर मिळालं. तिसऱ्या घराच्या पायरीवरून मात्र ती परत फिरली. तिथे कुणी ‘हो, आमचीच’ म्हणालं असतं तर?

भाऊबिजेला शिकवणी सुरू झाली. पहिल्या दिवशी बुंदी सगळीकडे ओढत होती. दुसऱ्या दिवशी विहिरीपर्यंत नीट चालली, शाळेपर्यंत नीट चालली, फक्त निळ्या फाटकापाशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी किमया तिथे तब्बल बावीस मिनिटं झाड होऊन उभी राहिली. स्वानंदने घड्याळ लावलं होतं. बाबांना दाखवायला तो रोज मोबाइलवर चित्रणही करत होता.

“तिला तितं काईतरी हाय,” गौतमी म्हणाली. या वेळी ती हसत नव्हती. “सोड की दोरी. बघू तरी कुटं जाती.”

“सोडली की संपलं! ओढलं की मिळतं, हेच शिकेल ती.”

“पन मी काय म्हनते…”

“गौतमी, तुला यातलं काही कळत नाही. मध्ये बोलू नकोस!”

गौतमी पाठ फिरवून घरी गेली. चौथ्या दिवशी ती आलीच नाही. आईबरोबर भात कापायला गेली.

आणि नेमकं चौथ्या दिवशी ते घडलं. निळं फाटक आलं. बुंदी क्षणभर थांबली. तिने कान टवकारले, मग पाडले आणि मान खाली घालून किमयाच्या पायाशी पाय मिळवत पुढे चालू लागली. दोरी हलकीशी लोंबत होती!

“जमलं!” स्वानंदने उडी मारली. “ताई, जमलं!”

किमयाने तिला अख्खं अंडं दिलं. बुंदीने ते हुंगलं आणि तसंच ठेवलं.

बाबांना पाठवायचं म्हणून दुपारी दोघं चारही दिवसांची चित्रणं एकामागून एक बघत बसली. पहिल्या दिवशीचं फाटकापाशी आलं, तेव्हा किमयाने आवाज वाढवला. बुंदीच्या केकाटण्यामागे आणखी एक भुंकणं होतं. घोगरं, लांबून येणारं.

“हा कुणाचा आवाज?”

“थांब, पुढचं लाव.”

दुसऱ्या दिवशी भुंकणं नव्हतं, बारीक विव्हळणं होतं. तिसऱ्या दिवशी पत्र्यावर नख घासल्यासारखी खरखर, तीही थांबून थांबून. चौथ्या दिवशी काहीच नव्हतं. वारा, आणि स्वानंदचं ‘जमलं!’

किमयाने मोबाइल खाली ठेवला. बुंदी शिकली नव्हती. पलीकडून येणारा आवाजच बंद झाला होता.

बुंदीला ओसरीवर बांधून दोघं शेताकडे धावत सुटली. “गौतमी, तू म्हणत होतीस ते खरं होतं!” एवढंच किमयाला बोलता आलं. गौतमीने विळा ठेवला. एका शब्दाने टोमणा मारला नाही.

निळ्या फाटकामागचं फार्महाऊस पुण्याच्या मनीषसाहेबांचं होतं. राखण जयसिंगतात्यांकडे. ते पलीकडच्या खाचरात भाताच्या पेंढ्या बांधत होते.

“आत कुनी न्हाई,” मान वर न करता ते म्हणाले. “साहेबांची दोन कुत्री हायेत, ती त्यांनी गाडीतनं पुन्याला नेली. पाडव्याला मी आलो तवा ना गाडी, ना कुत्री. मग मी माले गावाला भनीकडं गेलो, आज आलोय.”

“पण तात्या, नेताना पाहिलंत का तुम्ही?”

“न्यायलाच पायजेत की! पोरांनो, आभाळ आलंय, माझी कापनी पडलीय. पळा हितनं.”

किमया रडवेली झाली. पत्र्याचं दार तिथे फक्त पंपाच्या खोलीला, हे गौतमीला ठाऊक होतं. तिने किमयाला चिमटा काढला आणि एकदम बोंब ठोकली, “तात्या! पंपाच्या खोलीच्या दाराखालनं पानी वाहतंय! आतली मोटर जळली का काय!”

“आं?” पेंढी तिथेच पडली. “साहेब माझा जीव घेतील!” कमरेची किल्ली चाचपत तात्या पळाले. पोरं मागे.

दार उघडलं आणि कुबट वास आला. कोपऱ्यात एक म्हातारा काळा कुत्रा पडला होता. दाराचा पत्रा आतून ओरबाडलेला. वरच्या झरोक्याची एक पट्टी तुटलेली, त्यातून बुंदी निसटली असणार. म्हाताऱ्याला तेवढी उडी शक्य नव्हती. पंपाच्या सांध्यातून थेंब थेंब पाणी गळत होतं आणि खाली वाटीएवढं डबकं साचलं होतं.

“दगडू!” तात्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. “अरं, तू हितंच?”

दगडूने शेपटी हलवली. एकदाच.

संध्याकाळपर्यंत सगळा उलगडा झाला. लक्ष्मीपूजनाला फटाक्यांना घाबरतील म्हणून साहेबांनीच दोन्ही कुत्री खोलीत कोंडली होती. सकाळी तात्या सोडतील असं धरून ते पहाटे निघून गेले. साहेबांनी नेली असतील असं धरून तात्याही गेले. दोघांनी एकमेकांना साधा फोन केला नाही. गळका सांधा मात्र तात्यांनी पावसाळ्यापासून दुरुस्त केला नव्हता, म्हणून दगडू जगला.

पौडहून जनावरांचे डॉक्टर आले. “वाचेल,” ते म्हणाले. “मागचे पाय कितपत सुधारतील, सांगता येत नाही. दोन-तीन दिवस आधी मिळाला असता तर…”

किमयाने मनात दिवस मोजले. भाऊबिजेपासून तीन.

दुसऱ्या दिवशी मनीषसाहेब आले. मान खाली घालूनच बोलत होते. “चूक आमची. तुम्ही पोरं नसतात तर… शाबास! आणि किमया, दगडूकडे मी बघेन. तुला बुंदी हवी असेल तर खुशाल ने.”

“माझी गुणाची पोरं!” मावशीने तिघांच्या पाठीवरून हात फिरवला. बाबांचाही फोन आला, “चित्रण पाहिलं! किती शांत चालते गं! आण तिला.”

“नको, बाबा,” किमया म्हणाली. “तिचं माणूस इथे आहे. म्हणजे, तिचा कुत्रा.”

निघायच्या सकाळी ती बुंदीला शेवटचं फिरवायला घेऊन गेली. गौतमी बरोबर होती. निळं फाटक आलं. आज ते सताड उघडं होतं आणि आत अंगणात, गोणपाटावर, दगडू उन्हात पडला होता. बुंदीने त्याला पाहिलं. तिचं सगळं अंग थरारलं. पण ती हलली नाही. दोरी सैल ठेवून किमयाच्या पायाशी बसून राहिली आणि वर तिच्या तोंडाकडे बघू लागली.

“ओढ ना,” किमया हळूच म्हणाली. “बुंदी, ओढ की गं.”

बुंदी शहाण्यासारखी बसूनच राहिली.

किमयाने डोळे पुसले. मग ती स्वतःच फाटकाच्या दिशेने पळत सुटली आणि दोरी ताठ झाली.