त्या आठवड्याचं शून्य

साहेब, त्या आठवड्याचं शून्य तुमचं होतं. बटणाचं नवं रूप आजच्या आज हवं, कुणाला विचारत बसू नका, असं तुम्हीच मला बजावलंत. आणि मग भरल्या मीटिंगमध्ये तेच शून्य लोकांच्या नावावर टाकलंत, आणि ते खोडून काढणाऱ्या माणसाला घरी बसवायला निघालात. तो माणूस कोण आहे हे तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही त्याला 'टॅगवाला' म्हणता. मला ठाऊक आहे, म्हणून सांगते.

पहिल्यांदा दिसला तेव्हा तो माझ्या खुर्चीत बसला होता. मी चहा घेऊन आले, तर हा अनोळखी इसम माझ्या टेबलावरचा तडा गेलेला जुना मोबाइल घेऊन एकच बटण दाबत बसलेला. 'घरी येऊन माप घ्या.' आपण कुबड्या आणि वॉकर विकतो त्या साइटवरचं, मी बनवलेलं बटण.

"किती वेळा दाबणार?" मी विचारलं.

"बोलेपर्यंत."

"चालतंय की ते. फॉर्म उघडतोय."

"तुमच्याशी बोलतंय." त्यानं मान वर केली. चष्म्याची एक काडी चिकटपट्टीनं जोडलेली. "माझ्याशी अबोला धरलाय. आठवडा झाला, मोजणीत नुसतं शून्य."

मी व्हिडिओ बघून, धडपडत कोड शिकले. टॅग वगैरे नुसतं ऐकून होते. त्यानं मला माझ्याच टेबलापाशी स्टुलावर बसवलं आणि समजावलं. साइटवर कितीदा काय दाबलं गेलं ते मोजणं हे त्याचं काम, आणि त्यासाठी तिथे त्याचं टॅग मॅनेजर असतं. त्यात तो सांगून ठेवतो, अमुक बटण दाबलं की मोजणीला निरोप धाडा. बटण तो ओळखायचा कोडमधल्या त्याच्या नावावरून.

"आणि ते नाव कुणीतरी बदललं," तो म्हणाला.

"कुणीतरी नाही, मी. नवा रंग, नवं नाव. साहेबांची घाई."

"मला एका शब्दानं सांगितलं असतंत तर..."

"तुम्ही या ऑफिसात आहात हे मला कुठे माहीत होतं?"

तो हसला. "तेही खरंच. दुसऱ्यांच्या नोंदी ठेवता ठेवता माझीच राहून गेली."

त्याच दुपारी मी जावास्क्रिप्टच्या दोन ओळी लिहिल्या. आता रंग बदलो, नाव बदलो, दाबलं की बटण आपणहून निरोप देणार. त्यानं त्याच्या बाजूनं टॅग जोडला, चाचणीचा पडदा उघडला आणि मोबाइल माझ्यापुढे धरला.

"दाबा. मान तुमचा."

मी दाबलं. त्याच्या पडद्यावर एक ओळ उमटली. साहेब, एवढ्याशा ओळीकडे इतक्या कौतुकानं बघणारा माणूस मी पाहिला नव्हता. मग त्याच नजरेनं त्यानं माझ्याकडे पाहिलं... आणि मी उगाचच रिकामा कप तोंडाला लावला.

थरथरता हात दोनदा दाबतो. तेव्हा आपण दोनदा मोजतो का, हा प्रश्न ऑफिसात कुणाला पडला नव्हता. त्याला पडला. मी त्याला घरी नेलं. मी मावशीजवळ राहते, आणि मावशी वॉकर घेऊन चालते.

"यात माझं नाव-पत्ता टिपून घेतोस का रे?" तिनं विचारलं.

"नाही मावशी. बटण दाबलं गेलं, एवढंच माझ्याकडे येतं. कुणी दाबलं ते मला नको."

"का नको? चांगलं नाव आहे माझं."

लोकांचे फोन नंबरही मोजणीत ओढा, असं तुम्ही त्याला सांगितलं होतंत. त्यानं साफ नकार दिला होता. हे मला त्यानं नाही, तुमच्याच सेक्रेटरीनं सांगितलं.

मावशीनं बटण दाबलं. थरथरत्या हातानं ते दोनदा दाबलं गेलं, तरी नोंद एकच झाली.

"अन् खरं सांगू, मी मागच्याच आठवड्यात दाबलं होतं," ती म्हणाली. "तो टेपवाला येऊन मापं घेऊन गेला की."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मागचा आठवडा म्हणजे शून्याचाच.

"बाकी पोरगा बरा आहे," मावशी त्याच्यादेखत मला म्हणाली. "माझ्या मोबाइललासुद्धा विचारून हात लावतो."

"मावशी..."

"काय मावशी? बघतोय तो तुझ्याकडे. माझे पाय गेलेत, डोळे नाही."

तो कानापर्यंत लाल झाला. मी न सांडलेलं पाणी पुसायला स्वयंपाकघरात पळाले.

मग ती मीटिंग. मालकमंडळी बसलेली, पडद्यावर तुमचा तक्ता. तुम्ही म्हणालात, "लोकांना ही सोय नकोच आहे. शून्य."

तो मागच्या खुर्चीवरून उठला. आवाज न चढवता म्हणाला, "साहेब, हे शून्य लोकांचं नाही. लोक आले होते, आपण मोजलं नाही. तिथे रकाना रिकामा हवा."

"मग अंदाजानं भर काहीतरी."

"अंदाज भरला तर उद्याचा खरा आकडाही कुणी खरा मानणार नाही."

खिडकीतून खाली वाकून बघितलं असतंत, तर माप घ्यायला निघालेली गाडी दिसली असती, साहेब. तुम्ही पडद्याकडेच बघत राहिलात. आणि संध्याकाळी त्याला कळवलंत, या महिन्यानंतर येऊ नका.

मी त्याला जिन्यात गाठलं. "माझं नाव का नाही घेतलंस? बटण मी बदललं होतं."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, मला कळलं नाही. त्याला कळलं.

"बदल चांगला होता," तो म्हणाला. "बटण मोठं झालं. मावशींच्या बोटाला सापडलं."

"विषय टाळू नकोस."

"बरं." त्यानं कठडा धरला. "माणसं कुठे थांबतात, कुठून परत फिरतात, मी सगळं मोजतो. पण तुझ्या टेबलाशी मी कितीदा थांबलो —"

"कितीदा?"

"मोजलं नाही. मोजलं असतं तर... घाबरून थांबायचं सोडलं असतं."

"हे प्रेमाचं बोलणं आहे की रिपोर्ट?"

"तू वाच. तूच ठरव."

त्याच्या चष्म्याची चिकटपट्टी सुटत आली होती. मी ती बोटानं दाबून बसवली. तो हलला नाही. खालून कुणाची तरी पावलं वर यायला लागली, तरी मी हात काढला नाही.

साहेब, तो तुमच्याकडे रडगाणं घेऊन येणार नाही, म्हणून मी आलेय. दुरुस्त तक्ता तुमच्यापुढे आहे. त्या आठवड्यात किती घरची मापं घेतली, ते खाली जाऊन टेपवाल्यांना विचारा. तो गेला तर मीही जाणार. ही धमकी समजू नका. काम येणाऱ्या माणसांना काम मिळतं. राहिलो तरी दोघं, गेलो तरी दोघं, एवढं आमचं ठरलंय, आणि मावशीला सांगूनही झालंय. तुमचं काय ठरलंय? मालकांसमोर उभं राहून ते शून्य मागे घेणार आहात की नाही?

मी दारातच उभी आहे. बोला.