लेकरांजोगा किनारा

“ही बदकाची ट्यूब समुद्रावर नेऊ नका.”

आवाज मागून आला. सायली वळली. औरंगपुऱ्यातल्या खेळण्यांच्या त्या अरुंद दुकानात संध्याकाळची गर्दी होती, आणि त्या गर्दीत पोहायचा चष्मा हातात धरून एक उंच, सावळा माणूस उभा होता. केस थोडे ओले. नजर थेट तिच्या हातातल्या पिवळ्याधमक बदकावर.

“तुम्हाला कोणी विचारलं?” सायली म्हणाली.

“नाही विचारलं…” तो ओशाळला. “पण तुम्ही आत्ता चाचांना म्हणालात ना – समुद्रावर न्यायचीय, तीन वर्षांच्या लेकरासाठी. वारा जमिनीकडून सुटला की असली ट्यूब पाण्यावरून घसरत निघते, लेकरासकट. आपण पळत पोचेपर्यंत लई लांब गेलेली असते.”

सायलीने बदक गुपचूप खाली ठेवलं.

“अरे साब,” गल्ल्यावरचे चाचा कळवळले, “मेरे गिराइक को कायकू भगारे आप?”

“चाचा, ह्यांना ती फावडं-बादली द्या. तिच्यावर बसून कोणी वाहून जात नाही.”

रागवायचं ठरवूनही सायलीला हसू आलं. आणि तिला हसताना बघून त्याच्या हातातला चष्मा खाली पडला. तो उचलायला दोघंही एकदमच वाकले… आणि मग दोघांनीही तो उचलला नाही. चाचांनीच उचलला आणि पैसे मागितले.

त्याचं नाव विश्वजीत. मूळचा वैजापूरचा, शेतकऱ्याच्या घरातला इंजिनिअर. कोकणात धक्के बांधण्याच्या कामावर काही वर्षं राहून आलेला, आता इथं शहरात पाइपलाइनच्या कामावर. हे सगळं तिला समोरच्या हॉटेलात, चहाच्या पहिल्या कपात कळलं. हॉटेलात जायचं तसं कारण नव्हतं. पण तिने विचारलं होतं, “मग कुठला किनारा चांगला, तेही सांगा ना!” आणि दुकानाच्या दारात उभं राहून समुद्र सांगता येत नाही, असं त्याचं म्हणणं पडलं.

“तुम्ही कुठला ठरवलाय?”

तिने एका देवळाशेजारच्या प्रसिद्ध किनाऱ्याचं नाव सांगितलं. “फोटो फार सुंदर आहेत.”

विश्वजीतने पाण्याचा ग्लास पुढं ओढला. “हा तुमचा फोटोतला किनारा. काठावर घोटाभर पाणी, दोन पावलं टाकली की गळाभर.” मग चहाची बशी ओढली. “आणि हा लेकरांजोगा किनारा. चालत जा, चालत जा… पाणी आपलं गुडघ्यालाच. जवळ खाडीचं तोंड नको, तिथं ओढ असते. खडक नकोत. जीवरक्षक असलेला बरा. आणि जायचं ते ओहोटीच्या वेळेला.”

त्याची बोटं बशीच्या काठावरून हलकेच फिरत होती. सायली त्या बोटांकडे बघत राहिली, मग भानावर येऊन म्हणाली, “सगळं खरं. पण शू कुठं करायची?”

“अं?”

“लेकरांना शू लागते. एकाला लागली की दुसरीलाही लागते. संडास कसाय? दुपारी सावली कुठं? वाळू तापते का? खारं अंग धुवायला गोडं पाणी आहे का? साधा वरण-भात मिळतो का? ताप आला तर डॉक्टर किती लांब?”

विश्वजीत तोंड किंचित उघडं ठेवून तिच्याकडे बघत होता. “एवढी वर्षं समुद्राजवळ राहिलो,” तो हळूच म्हणाला, “पण ह्यातलं एकही कधी सुचलं नाही मला.” मग थोडं थांबून, “तुमची लेकरं…?”

“बहिणीची होती. आता माझी.”

एवढंच बोलून तिने कप उचलला. पण त्या एवढ्याशा वाक्यात बरंच काही होतं. सायलीची थोरली बहीण आजारपणात गेली, तेव्हा गार्गी जेमतेम तीन वर्षांची होती आणि शौर्य मांडीवरचा. वर्ष सरायच्या आत त्यांच्या वडिलांनी दुसरं लग्न केलं, सुरतेला बिऱ्हाड हलवलं, आणि ‘पुढं बघू’ म्हणून लेकरं मुकुंदवाडीत आजीकडे ठेवली, ती कायमचीच. सायली चिकलठाण्याच्या कारखान्यात नोकरीला होती. तिला स्थळं यायची. चांगली यायची. आणि प्रत्येक बैठकीत कोणीतरी गोड आवाजात म्हणायचंच – लेकरं काय, आजीजवळ राहतील की! तेवढं ऐकलं की सायली चहाचा ट्रे उचलून आत जायची, ती परत बाहेर यायची नाही. शेवटी तिने त्या बैठकाच बंद केल्या.

आणि समुद्राचा हट्ट गार्गीचा. पैठणला नाथसागर बघून आल्यावर सायली सहज बोलून गेली होती की समुद्र याहूनही मोठा, त्याचा पलीकडचा काठ दिसतच नाही. गार्गीने कंबरेवर हात ठेवले. “असं पाणी नसतंच. माऊ, तू बघितलंय का?”

माऊने बघितलं नव्हतं. सत्तावीस वर्षांची झाली तरी सायलीने समुद्र बघितला नव्हता.

त्यानंतर दोन-तीनदा त्याच हॉटेलात चहा झाला. एका गावाचं नाव विश्वजीतकडून आलं – खारवणे. छोटं गाव, सुरूचं बन, सपाट किनारा. “पण तुमच्या प्रश्नांची उत्तरं मला नाही ठाऊक,” तो म्हणाला. मग एक आठवडा त्याचा फोनच आला नाही. सायलीने स्वतःला बजावलं की आपल्याला त्याचं काहीच वाटत नाहीये… आणि दर थोड्या वेळाने फोन उलटा-सुलटा करून पाहिला.

रविवारी दुपारी मेसेज आला. त्याने तिला पाठवलेला पहिलावहिला फोटो तो. सायलीने धडधडत्या काळजाने उघडला.

संडासाचा होता. स्वच्छ, पांढऱ्या फरशीचा, नळाला पाणी असलेला.

मागोमाग दुसरा – वरण-भाताच्या ताटाचा. मग गोड्या पाण्याच्या विहिरीचा. दवाखान्याच्या पाटीचा. शेवटी एक व्हिडिओ. त्यात किनारा कुठल्या कुठं लांब राहिला होता आणि विश्वजीत पाण्यात उभा राहून वाऱ्यावर ओरडत होता, “बघा! एवढा आत आलो तरी गुडघाभरच! बशी आहे बशी!” मग कॅमेरा त्याच्या पायाच्या तळव्याकडे वळला. “दुपारी वाळू तापते. अनवाणी चालून बघितलं. दोन फोड आले. लेकरांना चारनंतरच आणायचं.”

सायली पलंगावर बसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. आजवर तिला बघायला आलेल्या कुणालाही, लेकरांचे पाय भाजतील का, असा प्रश्न पडला नव्हता. हा माणूस ते बघायला अर्ध्या महाराष्ट्रापल्याड जाऊन आला होता.

“काय गं, कोन मेलं?” द्वारकाबाई, तिची आई, दारात येऊन उभी राहिली. सायलीने फोन पुढं केला. द्वारकाबाईंनी सगळं नीट पाहिलं.

“ह्यो एवढ्या लांब संडास बघायला गेलता?”

“व्हय.”

“आपल्या लेकरांसाठी?”

“व्हय, आई…”

द्वारकाबाईंनी लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पुन्हा फोनकडे. “मग त्यालाच म्हनावं, गाडी काढ. मी म्होरं बसते त्याच्याजवळ. तू मागं लेकरांत बस. लोकांनी काय बोलायचं त्ये बोलू दे.”

जानेवारीत ते निघाले. लेकरांना एवढा प्रवास एका दमात नको म्हणून वाटेत मुक्काम केला, आणि दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना गाडी खारवण्याच्या सुरूच्या बनात थांबली. दार उघडताच आवाज आला. घनगंभीर, न थांबणारा, जमिनीतून पायात चढणारा.

“माऊ, काय वाजतंय?” शौर्यने तिच्या ओढणीत तोंड लपवलं.

सायली बनातून पुढं गेली. सुरूची शेवटची झाडं मागं पडली… आणि समोर आभाळाखेरीज होतं ते फक्त पाणी. डावीकडे पाणी. उजवीकडे पाणी. समोर पाणी आणि त्याच्या टोकाला टेकलेलं आभाळ. दूरवर एकेक लाट उठत होती, घाई न करता येत होती, पांढरी होऊन वाळूवर अंग पसरत होती. सायलीला लेकरांना धरायचं होतं, चपला काढायच्या होत्या, पिशवी खाली ठेवायची होती. तिने यातलं काहीच केलं नाही. ती नुसती उभी राहिली, आणि आपण किती लहान आहोत हे कळूनही माणसाला इतकं मोकळं वाटू शकतं, याचं तिला नवल वाटत राहिलं.

“बाई गं…” द्वारकाबाई शेजारी पुटपुटल्या. “एवढं पानी! अन् आपन नळाच्या पान्याची वाट बघत बसतो.” त्यांनी हात जोडले ते बराच वेळ सोडलेच नाहीत.

गार्गी वाळूत फतकल मारून बसली होती. ती इकडून तिकडे मान फिरवून पलीकडचा काठ शोधत होती. शेवटी कुजबुजली, “माऊ… हे संपतच नाही.”

शौर्य मात्र लाट बघून उलटा पळाला आणि समोर आलेल्या पहिल्या पायाला घट्ट बिलगला. तो पाय विश्वजीतचा होता. विश्वजीत जागचा हलला नाही. शौर्यने आधी एक डोळा उघडला, मग दुसरा, मग एक बोट त्याच्या बोटात दिलं, आणि दोघं सावकाश घोटाभर पाण्यात गेले. ओहोटी लागलेली होती. खरोखरच, चालत जा, चालत जा… पाणी आपलं पोटऱ्यांपर्यंतच.

दिवस मावळला. अमावास्या होती, अंधार भरभर उतरला. जेवायला चला म्हणून सायलीने हाका मारल्या, तशी गार्गी ओल्या वाळूवर पाय आपटत रुसली आणि एकदम किंचाळली.

“माऊ! माझ्या पायातून उजेड येतोय!”

सायली धावली. गार्गीने पुन्हा पाय आपटला. ओल्या वाळूत तिच्या पावलाभोवती निळं चांदणं फुटलं आणि विझलं. पुन्हा आपटला, पुन्हा फुटलं. त्यामागची लाट मोडली तीच मुळी निळी होऊन – अख्ख्या काठावर निळ्या उजेडाची रेघ उमटली, धावली, मावळली.

“हे… काय आहे?” सायली कुजबुजली.

“पाण्यातले बारीक जीव,” विश्वजीतही कुजबुजतच बोलला. “हलले की उजळतात. इतकी वर्षं राहिलो, एकदाच दिसलं होतं, तेही थोडंसं. असं नाही… असं कधीच नाही बघितलं.”

लेकरं नाचत होती. शौर्यच्या चिमुकल्या टाचांतून निळ्या ठिणग्या उडत होत्या. द्वारकाबाई पदर खोचून त्यांच्या मागं होत्या, आणि कुणी बघत नाहीसं पाहून त्यांनीही एकदा पाय आपटून घेतला.

“सायली… एक सांगू?” विश्वजीत म्हणाला.

“सांगा. पण नजर लेकरांवर ठेवून.”

“तिथंच आहे.” तो म्हणाला. “मला तुम्ही आवडता. त्या दुकानात, तुम्ही बदक खाली ठेवलंत ना, तेव्हापासून.”

लाट आली, निळी झाली, गेली.

“मी एकटी येत नाही,” सायली म्हणाली. “ही दोघं येतात. आईही येते.”

“गाडीत सगळे मावतात. बघितलं की.”

“हसण्यावारी नेऊ नका ना!” ती म्हणाली. “त्यांच्या वडिलांचाही जीव होता त्यांच्यावर. मग… नाही राहिला. गार्गी कित्येक दिवस दाराशी जाऊन बसायची. तुम्ही आज आलात आणि उद्या गेलात, तर मी सावरेन हो. ती नाही सावरणार.”



“मी घरी सांगितलंय,” विश्वजीत म्हणाला. “इथं यायच्या आधीच. आई तेव्हापासून धड बोलत नाही माझ्याशी. दादा, माझे वडील, म्हणाले, लेकरांना घेऊन या एकदा, बघू तरी. म्हणजे तिकडं सगळं गोड आहे असं नाही. आणि मला बाप होता येईल का, तेही ठाऊक नाही. मघाशी शौर्य पायाला बिलगला ना, तर पायाला मुंग्या येऊन पाय बधिर झाला. पण हलवला नाही मी. तो सोडेल तेव्हा सोडू दे, म्हटलं.” त्याने घसा खाकरला. “ह्याहून मोठं वचन मला नाही देता येत, सायली.”

सायलीने वाकून चपला काढल्या. हातात घेतल्या. समोर, न दिसणाऱ्या काठापर्यंत पसरलेल्या त्या काळ्या पाण्यात ठिकठिकाणी उजेड उमलत होता, मिटत होता, आणि तिच्याच घरची माणसं त्या उजेडात पाय बुडवून खिदळत होती. इतकी वर्षं ती ‘नको’ म्हणायला शिकली होती. ते चांगलं येत होतं तिला. आज मात्र ओठांवर तो शब्द येईना.

तिने मोकळा हात पुढं केला.

“चल,” ती म्हणाली. “पण हात सोडू नकोस. मला पाण्याची भीती वाटते… सांगितलं नव्हतं तुला.”

विश्वजीतने तिचा हात धरला. गार वारा होता, तरी त्याचा तळवा गरम होता. तिने पहिलं पाऊल पाण्यात टाकलं, आणि पाऊल उजळलं.

“माऊ आली!” गार्गी ओरडली. “माऊ पण आली!”