उघडं फाटक

परीक्षितला त्या दिवशी फक्त एक जुनं घर मोजून यायचं होतं. कॅनडात, कॅल्गरीच्या दक्षिणेला, जिथून टेकड्या सुरू होतात, तिथं गुरांच्या एका रँचवर ओंडक्यांचं शंभराहून जास्त वर्षांचं घर उभं होतं. मालकीणबाई त्यात एकट्याच राहत. त्यांच्या पुतण्यांना जमीन विकायची होती. घर मात्र अख्खंच्या अख्खं उचलून, ट्रकवर चढवून, गावातल्या म्युझियमच्या आवारात नेऊन ठेवावं, असं घाटत होतं. घराचं वारसा म्हणून मोल नेमकं कशात आहे आणि हलवलं तर ते टिकेल का, एवढं परीक्षितनं काउंटीच्या, म्हणजे तिथल्या तालुक्याच्या, कचेरीला लिहून द्यायचं. त्याच्या शब्दावर ते घर राहणार किंवा जाणार होतं.

जेवणवेळ टळल्यावर तो पोचला. आभाळ निरभ्र होतं. अंगणाच्या तोंडाशी लाकडी फाटक सताड उघडं, त्याच्या पायाशी बर्फ साचलेला. गाडी आत घेऊन तो उतरला, फाटक ओढलं आणि साखळी अडकवली. नागपूरच्या घरी फाटक उघडं राहिलं की गाई आत शिरून आईची शेवंती फस्त करत. लहानपणापासून हाताला लागलेली सवय ती. त्यानं विचारही केला नाही.

मालकीणबाईंचं नाव डोरोथी. मूळच्या वसईच्या. नर्स म्हणून कॅल्गरीला आल्या आणि पाय मोडून वॉर्डात पडलेल्या एका रँचरशी लग्न करून इथं राहिल्या. नवरा जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली होती.

"नाव वाचलं तेव्हाच म्हटलं, आपला माणूस येतोय," त्या म्हणाल्या. "बूट तिथं काढ. आणि आंटी म्हण, मॅडम नको. मॅडम म्हणणारे घर पाडायलाच येतात."

परीक्षित लाजून हसला. मग तो कामाला लागला. घर खरंच देखणं होतं. ओंडक्यांच्या टोकांना खाचा पाडून कोपरे एकमेकांत असे बसवले होते, की खिळ्याची गरजच पडली नव्हती. कुऱ्हाडीचे घाव अजून बोटांना लागत होते. तो प्रत्येक कोपऱ्यावरून हात फिरवत होता आणि मनातल्या मनात त्याचं ठरतही आलं होतं. मोल या लाकडात आहे, या हातांच्या कसबात आहे. ते ट्रकवरूनही जाईल. तिकडे निदान शाळेतली मुलं तरी बघतील.

चहा घेताना त्यानं चाचरत आंटींना तसं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. कप खाली ठेवून एवढंच म्हणाल्या, "घर न्याल रे. पण ते इथं कशासाठी उभं आहे, ते कसं न्याल?"

याचा अर्थ विचारावा असं त्याच्या मनात होतं. तेवढ्यात खिडकीतला उजेड गेला.

डोंगराकडून वादळ उतरलं होतं. बघता बघता गाडी दिसेनाशी झाली, मग पायऱ्या, मग खिडकीबाहेर नुसतं पांढरं भिरभिरणं उरलं. फोनला रेंज नव्हती. आंटी शांतपणे चुलीत लाकूड सारत होत्या. अशी वादळं त्यांच्या अंगवळणी पडली होती.

आधी कपातल्या चहाला कंप सुटला. मग तळपायांना जमीन थरथरताना जाणवली, दूरवरून मालगाडी यावी तशी. मग वास आला. ओल्या कातड्याचा, शेणाचा, रवंथ केलेल्या गवताचा. आणि वाऱ्याच्या खालून एक लांबच लांब हंबरणं.

"आंटी... तुमची गुरं बाहेर आहेत का?"

"गुरं केव्हाच विकली." त्या खिडकीशी गेल्या. वादळात त्यांना नेहमी हा आवाज अंगणात ऐकू यायचा. आज तो कुंपणापलीकडे अडला होता. लाकूड करकरत होतं, तारा ताणल्या जात होत्या. त्या वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"परीक्षित... येताना फाटक लावलंस का रे?"

"हो... सवयीनं."

आंटींनी छातीवर क्रूसाची खूण केली. मग खालच्या आवाजात त्यांनी सांगितलं. नवऱ्याच्या आजोबांनी नवीन कुंपण घातलं, त्याच हिवाळ्यात मोठं वादळ आलं. त्यांनी फाटक लावून घेतलं होतं. त्यांचा धाकटा भाऊ माळावरचा सगळा कळप हाकत घराकडे आला आणि फाटकाशी अडकला. साखळी गोठलेली. सकाळी गुरं उभ्या उभ्या मेलेली सापडली, एकमेकांना टेकून. भावाचा हात साखळीवरच होता. तेव्हापासून दर हिवाळ्यात पहिला बर्फ पडल्यापासून गवत उगवेपर्यंत या घराचं फाटक कुणी लावलं नव्हतं.

सांगता सांगता त्या कोट चढवत होत्या. परीक्षितनं तो त्यांच्या हातातून हलकेच काढून घेतला.

"मी लावलंय. मीच उघडतो."

दारापासून फाटकापर्यंत वादळासाठी बांधलेला दोर होता. तो धरून परीक्षित निघाला. स्वतःचे हातही त्याला दिसत नव्हते. पण जसजसा तो पुढं गेला, तसतशी थंडी कमी होत गेली. फाटकाशी तर ऊब होती, गोठ्यात असते तशी. अगदी समोर, हातभर अंतरावर, शेकडो नाकपुड्या श्वास घेत होत्या. दिसत काहीच नव्हतं. फक्त उडणारा बर्फ तिथं पोचला की हवेतच विरघळत होता.

साखळी मात्र गोठलेलीच होती, हलेना. त्यानं उजवा हातमोजा काढून खांबावर ठेवला आणि उघड्या हातानं कडी ओढली. कातडी लोखंडाला चिकटली. तेवढ्यात त्याच्या हातावर दुसरा हात आला. रुंद, राठ, धीराचा. दोघांनी मिळून साखळी काढली.

फाटक उघडलं आणि तो कळप आत आला. त्याच्या दोन्ही बाजूंनी, न धडकता, न घाई करता, उबदार अंगं घासून जात राहिली. परीक्षितनं डोळे मिटून घेतले नाहीत. मान मात्र आपोआप खाली झुकली. भीती कधी गेली ते त्याला कळलंच नाही. इतकं थोर काहीतरी आपल्या इतक्या जवळून जातंय आणि आपल्याला इजा करत नाही, एवढंच मनात होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

वादळ निवळलं तेव्हा मावळतीचं ऊन अंगणावर पसरलं होतं. ताज्या बर्फावर खुराची एकही खूण नव्हती. पण घराच्या भिंतीलगत, वाऱ्याच्या आडोशाला, जागोजागी बर्फ वितळून लांबट गोल पडले होते. गुरं बसून उठल्यावर पडतात तसे. आतलं गवत दबलेलं, त्यातून वाफ निघत होती.

आंटी पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय लिहिशील?"

"घर हलवता येणार नाही, असं."

"आणि कारण विचारलं तर?"

परीक्षितनं भिंतीकडे पाहिलं. मग फाटकाकडे. "घर आडोशासाठी उभं आहे. आडोसा इथंच लागतो," तो म्हणाला. आंटींनी त्याला आत नेलं, सोललेल्या हाताला मलम लावलं आणि तो हात बराच वेळ सोडला नाही.

निघताना तो गाडी फाटकाबाहेर काढून उतरला. फाटक सताड उघडं आहे ना, ते हलवून पाहिलं. मग हातमोजा घ्यायला खांबाकडे वळला.

खांबावर हातमोजा होता, पण तो त्याचा नव्हता. जाड कातड्याचा, दोऱ्यानं हातशिलाई केलेला, मनगटाशी भेगाळलेला. त्यानं आजूबाजूला, बर्फात, गाडीखालीही पाहिलं. त्याचा स्वतःचा कुठंच नव्हता.

त्यानं तो उचलला नाही. फक्त दोन बोटं आत घालून पाहिली.

आतून तो अजून गरम होता.